मंगळवारचा रोहतांग आणि आमचे २८,७५० रुपये

मनालीच्या सहलींच्या गाडीसाठी भरलेले आमचे २८,७५० रुपये गेले. एका फटक्यात गेले असते तर गाफीलपणाचे कारण तरी पुढे करता आले असते. पण ते पाच हप्त्यांत, पाच वेगवेगळ्या दिवशी गेले. पाचही वेळा रक्कम मीच टाकली, पिन मीच दाबला आणि पैसे पोहोचल्याचा स्क्रीनशॉट मीच अगत्याने पाठवला. मी ३४ वर्षे लेखापरीक्षणात काढली आहेत. दुसऱ्यांच्या व्हाउचरवर तारीख नाही, सही नाही, बेरीज चुकली, असे आक्षेप काढण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि म्हणूनच ही हकिगत लिहू नये असे घरातल्या सर्वांचे मत होते. जावयांनी तर स्पष्टच सांगितले, "बाबा, लोक हसतील." हसू द्यावे. मुलाबाळांना घेऊन मनालीला निघालेल्या एखाद्या कुटुंबाने हसता हसता आपल्या रोहतांग खिंडीच्या परवान्यावरचा वार एकदा पाहिला, तरी मला पुष्कळ आहे.

आमचा मूळ बेत काश्मीरचा होता. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे घडले त्यानंतर तो रद्द झाला आणि मे महिन्याच्या मध्यावर, चंदीगडचा विमानतळ पुन्हा सुरू झाल्यावर, आम्ही घाईघाईने मनाली ठरवली. मी, पत्नी, मुलगी, जावई आणि नऊ व सहा वर्षांची दोन नातवंडे असे सहा जण. पत्नीचे गुडघे आणि धाकट्याची गाडीत उलटी होण्याची सवय लक्षात घेऊन रोज नव्या गावी सामान हलवायचे नाही, एकाच हॉटेलात पाच रात्री राहायचे आणि सकाळी निघून संध्याकाळी परतायचे, असे ठरवले. हा विचार आजही मला चुकीचा वाटत नाही. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असली की डोंगरात हाच प्रकार सोसतो. ९ जूनला हिडिंबा मंदिर आणि वशिष्ठची गरम पाण्याची कुंडे, १० जूनला रोहतांग, ११ ला सोलंग व अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू, १२ ला नग्गर आणि मणिकरण, असा कागद मी स्वतः तयार केला होता. हॉटेल वेगळे आरक्षित केले होते व त्यात काही गैर घडले नाही. फसवणूक झाली ती या चार सहलींच्या गाडीची.

इथे एक गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्याकडे पाठ फिरवली म्हणूनच पुढचे सारे घडले. हॉटेलच्या व्यवस्थापकाला मी सगळ्यांत पहिल्यांदा फोन केला होता. त्याने माझा बेत ऐकून घेतला आणि तुटकपणे म्हणाला, "दस को नहीं होगा सर. ग्यारह का देखेंगे, परमिट मिला तो मिला, गारंटी नहीं." का होणार नाही, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. ग्राहकाशी असे बोलतात का, या रागात मी फोन ठेवला. आपल्या हिताचे बोलणारा तो एकटा माणूस होता, हे कळायला मला पंचवीस दिवस आणि वर सांगितलेली रक्कम लागली.

त्याच संध्याकाळी समाजमाध्यमावर एक जाहिरात दिसली. जाहिरात मराठीत होती, छायाचित्रात पांढरी सात आसनी गाडी होती आणि मागे बर्फाचा डोंगर होता. फोनवरचा मुलगा मराठीत बोलला, तेही अदबीने. मूळचा साताऱ्याकडचा, दहा वर्षांपासून मनालीत व्यवसाय, गिऱ्हाईक सगळे महाराष्ट्रातले, असे त्याने सांगितले. "काका, काकूंच्या गुडघ्यांची काळजी करू नका, गाडी अगदी दारापर्यंत येईल," हे त्याचे वाक्य मी कौतुकाने घरात ऐकवले होते. परमुलखात आपल्या भाषेत कुणी काका म्हटले की आपण त्याची कागदपत्रे मागत नाही. ही माणसे नेमकी याच दुबळेपणाची कमाई खातात. जाहिरातीतल्या गाडीची नंबरपाटी पांढरी होती. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि त्यावरची अक्षरे काळी असतात, हे मला आयुष्यभर माहीत आहे; मला ते छायाचित्र पाहताना दिसला फक्त बर्फ.

चार दिवसांच्या गाडीचे २२,००० रुपये ठरले. १६ मे रोजी त्यातले ५,५०० रुपये आगाऊ दिले. १९ मे रोजी रोहतांगच्या परवान्याचे म्हणून ४,५०० रुपये दिले. २० मे रोजी 'टनेल पास'चे १,२०० आणि 'ग्रीन टॅक्स'चे ६०० असे १,८०० रुपये दिले. २ जून रोजी, उरलेले १६,५०० रुपये आधीच भरले तर दहा टक्के सवलत मिळेल या आमिषाला भुलून १४,८५० रुपये दिले, आणि १,६५० रुपये वाचवल्याबद्दल पत्नीकडून शाबासकीही घेतली. ३ जून रोजी बर्फातल्या कपड्यांचे व बुटांचे, माणशी ३५० प्रमाणे, २,१०० रुपये दिले. सहा माणसांचे कपडे-बूट आरक्षित झाले आणि कुणी एकाचेही माप विचारले नाही. सहा वर्षांच्या मुलाचेसुद्धा नाही.

अटल बोगद्यातून जायला पर्यटकांना असला कोणताही पास लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला, ९.०२ किलोमीटर लांबीचा तो सार्वजनिक महामार्गावरचा बोगदा आहे. ग्रीन टॅक्स मनालीत खरोखरच घेतात, पण तो परराज्यातून येणाऱ्या गाड्यांकडून. स्थानिक टॅक्सीचा तो आपल्या बिलात येण्याचे कारण नाही. अर्धे खरे आणि अर्धे खोटे एकाच पावतीवर असले की सगळीच पावती खरी वाटते. मी स्वतः अशी कितीतरी बिले पकडली आहेत, म्हणून हे लिहिताना जास्तच लागते.

आता त्या परवान्याविषयी. १९ मे रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास व्हॉट्सॲपवर तो आला. वर अशोकस्तंभ, खाली गाडीचा क्रमांक, तारीख १०/०६/२०२५, कोपऱ्यात चौकोनी कोड. रोहतांगची थोडी माहिती मी काढून ठेवली होती, असे मला वाटत होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांमुळे तिथे दिवसाला पर्यटकांच्या १,२०० गाड्यांनाच परवानगी मिळते, त्यांत ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. परवाना सरकारी संकेतस्थळावरून काढावा लागतो. तो माणसांना नव्हे तर विशिष्ट तारखेसाठी विशिष्ट गाडीला मिळतो. आणि वाटेतल्या गुलाबा या ठिकाणच्या नाक्यावर तो तपासल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. एवढे मला माहीत होते. त्या रात्री ते सरकारी पान माझ्यासमोर उघडे होते. मी त्यावर शुल्क पाहिले: ५०० रुपये आणि गर्दीचे जादा शुल्क ५० रुपये, म्हणजे ५५०. माझ्याकडून घेतले होते ४,५००. माझ्यातला लेखापरीक्षक जागा झाला आणि मी त्या मुलाला लगेच फोन लावला.

तो हसला. म्हणाला, "काका, ५५० सरकारी. पण सीझनला कोटा दोन मिनिटांत संपतो, आम्हाला आधीपासून अडवून ठेवावा लागतो. नको असेल तर परत करतो, पण मग १० तारीख मिळणार नाही." आणि मी चक्क ओशाळलो. शंका घेतल्याबद्दल मीच त्याला "तसं नाही रे, फक्त विचारलं" असे म्हणालो. सरकारी पान तिथेच मिटले. शुल्काच्या पुढे वाचले असते तर कळले असते की दर मंगळवारी रोहतांगचा रस्ता दुरुस्ती-देखभालीसाठी पर्यटकांच्या गाड्यांना बंद असतो. १० जून हा मंगळवार होता. तो मंगळवार आहे हे मला ठाऊक नव्हते असेही नाही; उपासाचा वार म्हणून पत्नीने मी लिहिलेल्या बेताच्या कागदावर १० तारखेपुढे 'मंगळवार, उपास' असे बारीक अक्षरात लिहिले होते. म्हणजे वार घरात लिहिलेला होता, नियम पडद्यावर उघडा होता, आणि दोन्हींच्या मधे बसलेला मी ५५० आणि ४,५०० यांच्या फरकाचा हिशेब करत होतो.

त्याहून जास्त बोचते ते वेगळेच. १० तारीख मी सांगितली होती, त्याने नाही. मनालीत दहा वर्षे गाड्या चालवणारा कुणीही ती तारीख ऐकताच म्हणाला असता की त्या दिवशी मंगळवार येतो, बेत बदला. हा म्हणाला, "होऊन जाईल काका." मी सोलंगला मुलांना बर्फ मिळेल का विचारले, तो म्हणाला मिळेल. चार दिवसांत मणिकरण बसेल का विचारले, बसेल. अटल बोगदा आणि रोहतांग एकाच दिवशी करता येईल का, तेही येईल. एवढ्या संभाषणात त्याने एकदाही नकार दिला नाही, आणि तो अनुभवी असल्याचा मी तोच पुरावा मानला. डोंगरातला खरा धंदेवाला अर्धा वेळ नकारच देत असतो. तिथला रस्ता, हवा आणि परवाना यांतले काहीच त्याच्या हातात नसते.

थोडे माझ्या बाजूनेही सांगू द्यावे. नऊ वर्षांच्या नातीने रोहतांगचे चित्र काढून भिंतीवर लावले होते, काश्मीर हुकल्यामुळे ती आधीच हिरमुसलेली होती, आणि शाळा १६ जूनला सुरू होणार असल्याने तारखा पुढे ढकलायला जागा नव्हती. पैसे ज्या खात्यांत गेले त्यांवर तीन वेगवेगळ्या व्यक्तींची नावे येत होती, हेही मला दिसले होते आणि मी विचारलेही होते. "एक आमचे अकाउंटंट आहेत, एक ड्रायव्हर," असे उत्तर आले. कंपनीच्या नावाने पावती आणि खासगी माणसाच्या खात्यात रक्कम, यावर मी नोकरीत असताना दोन पानांचा आक्षेप लिहिला असता. पावतीवर जीएसटी क्रमांक होता. तो पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि हिमाचलचा असेल तर ०२ ने सुरू होतो. पावतीवरचा चौदाचा होता. ही मोजणी मी प्रथम परतीच्या प्रवासात, चंदीगडच्या विमानतळावर बसून केली.

९ जूनला सकाळी आठ वाजता गाडी यायची होती. साडेआठला "ड्रायव्हर पेट्रोल भरतोय," नऊला "रस्त्यात गर्दी आहे," साडेनऊला फोन बंद. दोन्ही मुले टोप्या घालून हॉटेलच्या पायरीवर बसली होती. पुढचे सगळ्यांना ठाऊकच असते, त्यामुळे लांबवत नाही. शेवटी आम्ही टॅक्सी स्टँडवर गेलो आणि तिथल्या एका वयस्कर चालकाला मी मोबाइलवरचा परवाना दाखवला. त्याने तो चष्मा कपाळावर सरकवून वाचला आणि शांतपणे म्हणाला, "अंकल जी, यह तो मंगल का है. मंगल को रोहतांग बंद रहता है." पुढे त्यानेच परवान्यावरचा गाडीचा क्रमांक वाहननोंदणीची माहिती देणाऱ्या सरकारी एमपरिवहन ॲपवर टाकून दाखवला. ती दुचाकी निघाली. क्रमांक टाकायला अर्धा मिनिट लागते. कुणी गाडीचा क्रमांक देत असेल तर पैसे देण्याआधी ते अर्धे मिनिट खर्च करावे, आणि क्रमांक देत नसेल तर अर्धे मिनिटही खर्च करू नये.

पावतीवर मॉल रोडवरचा पत्ता होता. तिथे कुलू शालींचे दुकान निघाले. दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता: 'यहाँ कोई ट्रैवल एजेंसी नहीं है.' कागद उन्हाने पिवळा पडला होता. म्हणजे आमच्या आधी किती जण तिथे येऊन गेले असतील याचा अंदाज करावा, आणि तो कागद एका दुकानदाराला लावावा लागतो, ज्यांचे ते काम आहे त्यांना लावावासा वाटत नाही, याचाही विचार करावा.

तक्रारीचे प्रकरण इथून सुरू झाले आणि खरे सांगायचे तर पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा त्याचा ताप अधिक आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला, तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतले, पाचही व्यवहारांचे बारा आकडी संदर्भ क्रमांक लिहून घेतले आणि तक्रार क्रमांक दिला. तेवढा भाग चांगला झाला, म्हणून सांगतो की पैसे गेल्याचे कळताच पहिला फोन तिथेच करावा, आधी नातेवाइकांना नव्हे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तरच काही हाती लागते. आमच्या शेवटच्या व्यवहाराला तोवर सहा दिवस झाले होते. मी त्यानंतर जवळच्या पोलीस चौकीत गेलो. तिथे सांगण्यात आले की पैसे तुमच्या शहरातून गेले, खाते तुमच्या शहरातले, गुन्हा तिथे नोंदवा. घरी परतल्यावर आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो, तर तिथले म्हणाले की गाडी तिकडे आली नाही, म्हणजे घटना तिकडची. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे मी छापील कागदासह दाखवले. कागद वाचून मला सांगितले गेले की माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि साहेब बंदोबस्तावर आहेत. तपासाचा नियम खरा आहे. पण नोंद करून घ्यायला निरीक्षक लागतो असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. दुसऱ्या वेळी साहेब बैठकीला होते. तिसऱ्या वेळी साहेब भेटले आणि म्हणाले, "अठ्ठावीस हजारच ना?"

हे 'च' मला अजून पचलेले नाही. निवृत्तिवेतनातून वर्षभर साठवलेली रक्कम किती मोठी म्हणायची, हे ठरवण्याचा अधिकार ठाण्यातल्या खुर्चीला कुणी दिला? माझ्यासारख्या शंभर जणांचे अठ्ठावीस हजार एकत्र केले तर अठ्ठावीस लाख होतात, आणि ही टोळी हंगामात शंभरावर थांबत असेल असे मला वाटत नाही. पण प्रत्येक ठाण्यात प्रत्येक तक्रार सुटी येते, सुटीच मोजली जाते आणि सुटीच फायलीत पडते. बँकेच्या शाखेत गेलो तर तिथे आणखी गोड बोलले. चहा दिला. आणि सांगितले की पिन तुम्ही स्वतः टाकला असल्याने हा 'अनधिकृत' व्यवहार ठरत नाही. रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक मी वाचले आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर दायित्व येत नाही ही तरतूद ग्राहकाने स्वतः न केलेल्या व्यवहारांसाठी आहे, हे मलाही समजते. मला फक्त एवढे विचारायचे होते की ज्या तीन खात्यांत पैसे गेले ती उघडताना ओळखीची कागदपत्रे कुणी तपासली. "ती माहिती गोपनीय आहे." चोराचे नाव गोपनीय, माझे निवृत्तिवेतन मात्र त्याला ठाऊक, कारण बोलण्याच्या ओघात मीच ते सांगितले होते.

ग्राहक आयोगाकडे जावे, असे एका परिचित वकिलांनी सुचवले. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते. पण अर्जात प्रतिपक्षाचा पत्ता लिहावा लागतो. मी तिथे शालींच्या दुकानाचा पत्ता लिहावा काय?

ऑगस्टमध्ये एका खात्यात १,३१२ रुपये रोखून धरल्याचे कळले. ते परत हवे असतील तर न्यायालयाचा आदेश आणावा लागेल, असेही सांगण्यात आले. अर्ज आणि वकिलाचा खर्च धरता १,३१२ रुपये मिळवायला किती लागतील, हा हिशेब मात्र मी बिनचूक केला आहे आणि ते पैसे तिथेच राहू दिले आहेत.

सहलींचे म्हणाल तर त्या वृद्ध चालकाने आम्हाला मंगळवारी बोगद्यातून सिस्सूला नेले, ३,८०० रुपयांत, आणि पैसे संध्याकाळी परत आल्यावर घेतले. स्टँडवर दरांचा फलक असतो; तो पाहून तिथेच गाडी ठरवावी आणि घरून काहीच भरू नये, हे लहान मुलांच्या सहलीला पुरेसे आहे. बोगद्याच्या त्या टोकाला देवदार संपून एकदम उघडे डोंगर दिसतात आणि मुले तेवढ्यानेही गप्प होतात. नग्गरला आम्ही बसने गेलो. मणिकरण सोडले, ते एका दिवसात जाऊन-येऊन करणे मुलांना झेपले नसते, हेही त्या चालकानेच सांगितले. ११ तारखेच्या रोहतांगसाठी त्याने परवान्याचा प्रयत्न केला, मिळाला नाही, आणि त्याने तसे सरळ सांगितले. वर तो असेही म्हणाला की ३,९७८ मीटर उंचीवर सहा वर्षांच्या मुलाला नेताना दोनदा विचार करा, तिथे मोठ्यांनाही धाप लागते. ज्याला आम्ही ४,५०० रुपये दिले होते त्याने मुलांची वयेसुद्धा विचारली नव्हती.

माझी तक्रार 'प्रक्रियेत' आहे. ज्या पानावर जाहिरात होती त्याविरुद्ध मी चार वेळा कळवले. ते पान काही दिवस नाहीसे झाले. गेल्या आठवड्यात जावयांनी मोबाइल आणून दाखवला. नाव नवे आहे, फोन क्रमांक नवा आहे, गाडी तीच पांढऱ्या पाटीची आहे आणि खाली ठळक मराठीत लिहिले आहे: 'रोहतांग, रोज सकाळी ६ वाजता.'